पथ्याचे चाळीस दिस

ता. १७ आक्टोबर १९५३, शनवार

आज भर दुपारी आला. वखारीत.

ह्यांच्या संघातला बिरू धावत आला, म्हनला, वहिनी, जोत्याला ठसका लागलाय, गरम पानी द्या. मी तांब्या घिऊन पळाले. हे कांद्याच्या पोत्यावर वाकून बसलेले, दोन्ही हात गुडघ्यावर, खांदे वर-खाली. बबनराव लांबनं म्हनले, कांदा डोळ्यात जातो, ह्याच्या नाकात गेला वाटतं. सगळे हसले. हे बी हसल्यासारखं करत व्हते. श्वास आत जात न्हवता आन हे हसत व्हते!

ठसका न्हवं तो. दमा हाय. घरात मला, आत्याबाईंना आन ह्यांना सवताला ठाऊक. शेजारच्या खैरूभाभीला मीच सांगितलं. बाकी गावात कुनाला न्हाई.

परवा गुपचूप पिंपरीला गेलो व्हतो, क्यांपातल्या सिंधी डाक्टरकडं. त्यानं पांढऱ्या गोळ्या दिल्या. मला म्हनला, माई, लिखके रखो. कवा आला, आधी काय खाल्लं, कुटं व्हते. ह्यांना लिवाय येत न्हाई. मी चार यत्ता शिकलेली. म्हनून ही वही. डाक्टरपुरतं येगळ्या कागदावर उतरून देईन. ह्यात मला वाटंल ते लिवनार.

खाल्लं: भाकरी, ठेचा. कुटं: वखारीत. कांद्याच्या टरफलाची धूळ नुसती उडत असती तिथं.

आता हे डाक्टरला न्हाई. वखार बबनरावांची. हुतूतूचा संघ बी बबनरावांचा. चांगल्या गड्याला वखारीत काम. म्हंजे खेळतो म्हनून वखारीत जायचं, धूळ छातीत भरायची, आन तीच छाती घिऊन खेळायला उतरायचं. कुनी ठरवलं हे? मला त्याचं तोंड बगायचंय.

ता. १९, सोमवार

आत्याबाई म्हनल्या, गवरे, तू यायच्या आधी दमा येवढा न्हवता.

म्हनलं, पाच वर्साचे असताना तुमी धोतऱ्याच्या पानांचा धूर देत व्हता, तुमीच सांगितलंय.

म्हनल्या, तवा बारका व्हता.

म्हंजे माझ्या पायगुनानं थोरला झाला. बरं. त्यो बी माझ्याच नावावर लिवा.

ता. २३, शुक्करवार

काल कोजागिरी. आळंदीच्या पलीकडं मळ्यात येक बाबा खिरीतनं दम्याचं औषध देतो. वर्सातनं येकदाच. आत्याबाईंचा लई दिसांचा हट्ट, म्हनून गेलो. पोरगी खैरूभाभीकडं ठेवली.

येवढी मानसं दम्याची असतात हे मला ठाऊक न्हवतं. म्हातारे, बाया, बारकी पोरं. मळाभर नुसत्या शिळा वाजत व्हत्या छातीतल्या. ह्यांनी मुंडासं तोंडावर गुंडाळलं व्हतं, चोरावानी. कुनी वळखू नये म्हनून. मी म्हनलं, हितं कोन हसनार हाय तुमाला? समदे सारखेच. तर म्हनले, सारखे न्हाईत. त्यातला कुनी जिल्ह्याला खेळतो का?

ह्याचा मला लई राग आला. त्या पोरांकडं बगून बी असं बोलवलं ह्यांना.

द्रोनात खीर दिली. निजायचं न्हाई, चालत ऱ्हायचं, मंग पथ्य. चाळीस दिस ताक न्हाई, दही न्हाई, चिंच न्हाई, लिंबू न्हाई, केळ न्हाई. बाबा सगळ्यांना येकच सांगत व्हता: पथ्य मोडलं तर दुप्पट उलटंल, मंग माझ्याकडं यायचं न्हाई.

आत्याबाईंनी माझ्याकडं बोट केलं. सैपाक हिचा हाय, हिला सांगा बाबा.

बाबानं परत सांगितलं, माझ्या तोंडाकडं बगून.

ता. १ नवंबर, रयवार

खेडला गेलो. चाकन विरुद्ध खेड. आमी बायका बैलगाड्यांच्या आडून बगत व्हतो. मी पैल्यांदाच गेले. परत जानार न्हाई.

सगळा खेळ श्वासाचा. येक दम घ्यायचा, हुतूतू हुतूतू करत रेघंपलीकडं जायचं, गड्याला हात लावायचा, दम सुटायच्या आत रेघंवर परत. दम सुटला की गडी मेला. असंच म्हनत्यात. मेला. बाया बी शेंगा खात म्हनतात, तो बग मेला.

साऱ्या चाकनात श्वास पुरत न्हाई असा ह्यो येकच मानूस, आन त्याला ह्योच खेळ गावला.

ह्यांची खरी ताकद पकडीत. कोपऱ्यात वाकून उभे ऱ्हातात. समोरचा आला की घोटा धरतात, आन धरलेला घोटा सुटला असं आजवर झालं न्हाई. तिथं दम लागत न्हाई. पन आपले दोघं-तिघं बाद झाले की चढाईला जावंच लागतं. जाताना छाती भरून घेत न्हाईत. मला ठाऊक हाय का ते. भरून घेतली की आवळती. निम्म्या श्वासावर जातात. हुतूतू बी बारीक आवाजात, नाकातनं. काठाकाठानं पाय मारायचा आन माघारी. लोकांना वाटतं लई चतुर गडी हाय. चतुर कसला, श्वास पुरवून पुरवून वापरतोय.

खेडच्या येका बुटक्यानं वळखलं. वराडला, पकडू नका रे त्याला! पळवा नुसतं. छातीत शीळ वाजतीया त्याच्या, आपोआप मरंल.

लोक हसले. आमच्या बाजूचे बी हसले, त्यांना वाटलं चिडवतोय. पन खेडचे समदे मागं सरले, पार शेवटच्या रेघंला जाऊन उभे. कुनी अंगावर येईना. हे त्यांच्या मागं मागं. हुतूतू बारीक बारीक व्हत गेलं. पंच कान लावून वाकला. माझ्या हातात पोरगी व्हती, मी तिला येवढं आवळलं की ती रडली.

मंग हे माघारी वळले, आन मधली रेघ हातभर ऱ्हायली असताना पडले. धाडदिशी गुडघ्यावर. खेडचे तिघं तुटून पडले, आन ह्यांनी त्या तिघांना घिऊन तसाच हात लांब केला. बोटं रेघंवर. तिघं बाद.

मुद्दाम पडले असं बिरू म्हनला. लोकांनी खांद्यावर घेतलं, गुलाल उधळला. गुलाल! धूळ कमी व्हती म्हनून गुलाल. खांद्यावर बसलेल्या मानसाला श्वास लागत न्हाई असं वाटतं का ह्या लोकांना? ओठ जांभळावानी झाले व्हते, मला येवढ्या लांबनं दिसलं. खाली उभ्या असलेल्यांना न्हाई दिसलं.

मंग गाडीच्या मागं आले, चाकावर कोपर टेकून उभे. गोळी दिली. ती गोळी घेतली की काळीज धडधडतं, सांजंपातूर बसवत न्हाई.

मी इचारलं, मुद्दाम पडला का खरंच पडला?

म्हनले, कुनाला बोलू नको.

म्हंजे खरंच पडले.

ता. ७, शनवार. पाडवा

बबनराव सवता घरी आले. पेढं घिऊन.

म्हनले, सूनबाई, तुझा नवरा आता चाकनचा ऱ्हायला न्हाई. पुन्याहून सांगावा आलाय. पंधरा तारखेला निवड. राज्याचा संघ निवडनार. म्या तिथं शब्द टाकलाय.

आत्याबाईंनी देवापुढं पेढा ठेवला. हे मान खाली घालून बसलेले.

बबनराव म्हनले, निवडला की म्हैनाभर तिथंच ठेवनार. सकाळ-सांज नुसतं पळवतात. लोखंड व्हईल लोखंड. मंग आगगाडीनं लांब मुलखात सामने.

मी म्हनलं, म्हैनाभर पळवतात?

तर हसले. काय गं, करमायचं न्हाई व्हय?

माझ्या तोंडाशी आलं व्हतं. दमा हाय त्याला, दमा, दमा. ह्यांनी नुसतं वर बगितलं. तोंड मिटलं मी.

ते गेल्यावर भांडले. म्हनलं, सांगून टाका त्यांना.

म्हनले, सांगितलं की उद्यापास्नं जोत्या न्हाई, दमेकरी.

म्हनलं, म्हैनाभर कोन बसनार हाय तिथं तुमच्या छातीला शेक द्यायला? राती आला तर?

म्हनले, चार वर्सं खेळतोय. मेलो का?

म्हनलं, माझी पोरगी धा म्हैन्याची हाय. मला इचारून बोला.

म्हनले, मला जायचं हाय. इषय बंद.

उठून बाहेर गेले. पेढा तसाच ठेवून. म्या तो कोंबड्यांपुढं टाकला.

ता. ११, बुधवार

दोनदा आला. सकाळी वखारीत, सांजला सरावाला. गोळ्या दोनच उरल्या. पोरगी शिंकली, म्या तिच्या छातीला कान लावला. आता मी रोजच लावते.

ता. १४, शनवार

म्या केलं. लिवून ठेवते. न्हाईतर उद्या मीच म्हनेन की केलं न्हाई.

आज बाजारचा दिस, बाजारात कवळा चाकवत मिळाला. आमच्यात चाकवत ताकातलाच करतात. कोजागिरीपास्नं मी नुसता डाळीत शिजवत व्हते, पथ्य म्हनून. आज तीन दिसांचं आंबट ताक घातलं. आंबटपना लपावा म्हनून वरनं मोठा खडा गूळ.

मला मोठा दमा नको हाय. इतकुसा यावा. सकाळची पुन्याची यष्टी चुकावी येवढाच. बबनरावांनी म्हनावं, आजारी पडला बिचारा, पुढल्या वर्सी बगू. कुनाच्या तोंडाला काळं न्हाई, कुनाचं नाव न्हाई. पुढलं वर्स पुढं.

आत्याबाईंनी येक घास घेतला आन म्हनल्या, आंबट लागतोय गं.

म्या चुलीकडं तोंड केलं.

हे म्हनले, चाकवत आंबटच असतो, आये. जेव.

समदा खाल्ला. वाटी पुसून खाल्ला. मी समोर बसून बगत व्हते, आन माझा राग ह्यांच्यावरच व्हता. का आनलीत माझ्यावर ही येळ. नवऱ्याच्या ताटात असलं वाढायची.

ता. १७, मंगळवार

आज हात चालतोय.

रयवारी सकाळी उठले, आंगूळ केली, काय बी न्हवतं. मला वाटलं, फुकट गेलं. बरं बी वाटलं. मी पोरगीला घिऊन यष्टीच्या फाट्यावर सोडायला गेले. समदा संघ तिथं. हार, नारळ. यष्टी आली आन बिरूनं ह्यांची पिशवी टपावर टाकली. हे पायरीवर पाय ठेवायला गेले आन तिथंच खाली बसले.

असला म्या कवा बगितला न्हाई. आवाजच येईना. शीळ बी न्हाई. नुसतं तोंड उघडं, गळ्याखाली खड्डा पडतोय, डोळे माझ्याकडं. गोळी जिभंवर ठेवली तर गिळता येईना. मी नाव घिऊन हाका मारल्या. साऱ्या गावादेखत. ज्योतीराम, ज्योतीराम म्हनून. लगीन झाल्यापास्नं म्या ते नाव तोंडातनं काढलं न्हवतं, आन ते बी असं. हितं बी लिवलं आता. लिवलं तर लिवलं.

बिरू म्हनला, हा दमा हाय. माझ्या आज्याला व्हता.

बबनराव म्हनले, दमा? चार वर्सं ह्यानं मला फशिवलं?

येवढंच बोलले. हातात हार तसाच. कंडाक्टर म्हनला, चला, येळ व्हतीया. आन ते चढले! समदे चढले. बिरू तेवढा पिशवी काढायला टपावर गेला, ती खाली फेकली, आन तो बी चढला. येकाच्या बी तोंडातनं निघालं न्हाई की यष्टी जाऊ दे. ज्या मानसाला खांद्यावर घिऊन नाचले, त्याला मातीत बसवून गेले.

खैरूभाभीच्या नवऱ्यानं, रहिमाननं नेलं. फाट्यावरच त्याचं दुरुस्तीचं दुकान. दुसऱ्याची लारी दुरुस्तीला आलेली, तीच काढली. म्हनला, मालकाला मी बगून घेतो, तू बस गवरा. पिंपरीपातूर ह्यांना मी पुढनं धरून बसलेली, पोरगी मधी. वाटंत येकदा डोळे पांढरे झाले. मी बाबाला नवस बोलले, इंद्रायनीला बोलले, रहिमानच्या पिराला बी बोलले.

डाक्टरनं दंडात सुई दिली. थोड्या येळानं घाम सुटला, मंग शीळ वाजायला लागली. ती शीळ ऐकून मला रडू आलं. येवढा त्या शिळंचा राग राग केला आन आता वाजली म्हनून रडले.

डाक्टर म्हनला, रातको क्या खाया?

मी म्हनलं, भाकरी. भाजी.

लिखा है?

व्हय, म्हनलं.

ता. २०, शुक्करवार

बबनराव आले. उंबऱ्यातच उभे. बसा म्हनलं तर बसले न्हाईत.

म्हनले, पुन्यात माझी मान खाली गेली. आमच्यातला येक बी निवडला न्हाई. जोत्या, येका शब्दानं सांगायचं व्हतंस.

हे भिंतीला टेकून, गोधडी अंगावर.

मला गप बसवलं न्हाई. म्हनलं, मामंजी, चार वर्सं तुमच्या डोळ्यापुढं मानूस धापा टाकतोय. वखारीत ठसका, पटांगनात ठसका. तुमाला ऐकू आला न्हाई व्हय? खेडच्या बुटक्याला येका डावात ऐकू आला.

म्हनले, जोत्या, बाईला मधी बोलू देतोस?

हे म्हनले, बोलू दे. खरं बोलतीया.

बबनरावांचं तोंड लाल झालं. म्हनले, सोमवारपास्नं वखारीत पाय ठेवायचा न्हाई. पायऱ्या उतरून गेले. चार पावलं गेले असतील, परत आले. म्हनले, बाहेर फाटकावर बसत जा. गाड्या बगायच्या, पोती मोजून घ्यायची. आत धुळीत शिरू नको.

आत्याबाईंनी हात जोडले. मी न्हाई जोडले. हे चार वर्सांमागं सुचत न्हवतं?

पन रातच्याला पडल्या पडल्या मला माझंच तोंड दिसत व्हतं, चाकवत वाढतानाचं. बबनरावांनी धूळ दिली ती नेनता दिली. म्या दिलं ते जानून.

ता. २५, बुधवार

आत्याबाई गावभर त्या बाबाला शिव्या देत्यात. लबाड, भोंदू, औषध कसलं पीठ दिलं. लोक बी माना डोलावतात. बाबा खोटा न्हाई. औषध खरं असंल. पथ्य म्या मोडलं आन शिव्या त्याला.

खैरूभाभीला सांगितलं समदं. ती म्हनली, बोलून टाक त्याला. काय करंल? मारंल? मारलं तर रहिमान हाय.

म्हनलं, मारायला दम पायजे त्यांच्यात.

ती हसली. मी न्हाई.

हे आता बरे हायेत. फाटकावर बसतात. काल सांजला पोरं हुतूतू खेळत व्हती, तिथं जाऊन येकाला घोटा कसा धरायचा दावत व्हते. घरी आले ते येकदम शांत. माझ्याशी गोड बोलत्यात. पोरगीला खांद्यावर घेतात. ते गोड बोलले की मी उगाच वस्सदिशी अंगावर जाते. भाकरी करपली तर तुमच्यामुळं म्हनते. ह्यांनी येकदा तरी ओरडावं माझ्यावर.

ता. २९, रयवार

सांगितलं. पोरगीला मांडीवर घिऊन सांगितलं, म्हंजे अंगावर यायचे न्हाईत. म्हनलं, त्या शनवारी चाकवतात म्या ताक घातलं व्हतं. जानून.

हे म्हनले, पैल्या घासाला कळलं.

म्हनलं, मंग खाल्लं कशापायी?

म्हनले, त्या दिशी बाजारातनं येताना मी सवताच दोन तांबे ताक पिऊन आलो व्हतो. भ्यालो व्हतो गवरे. बबनरावांना न्हाई म्हनायला तोंड न्हवतं. तुझा चाकवत तोंडात घातला आन वाटलं, बरं झालं, येकटा न्हाई मी.

दोन आठवडे मी आतनं जळतीया. म्हनलं, येका शब्दानं सांगता येत न्हवतं?

म्हनले, तू तरी कुटं सांगितलंस.